'नो' दाबायचं राहून गेलं

कोरेगावात सयाजीच्या फ्लेक्सच्या दुकानात राजेश्वरी सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. पंचक्रोशीतले वाढदिवस, बारशी, निवडी सगळं तिच्या हातून गेलेलं. आणि माणूस अचानक गेलं, की घरच्यांना धड फोटो कुठं सापडतो? मग ती त्याचाच वाढदिवसाचा फ्लेक्स उघडायची, केक पुसायची, फोटो काळा-पांढरा करून हार घालायची आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायची. छापून झाल्यावर खिडकी बंद करताना कॉम्प्युटर विचारायचा, बदल सेव्ह करायचे का? ती दर खेपेला 'नो' दाबायची. मूळ फाइलीत तरी माणूस हसत राहू दे, एवढंच तिचं म्हणणं.

"आवं वैनी, मेलेल्याचा वाढदिवस ठिवून काय लोणचं घालायचं हाय?" सयाजी चेष्टा करायचा. तिच्या नवऱ्याचा, तानाजीचा, तो शाळासोबती.

मागच्या महिन्यात मात्र विपरीत घडलं. गावातल्या भाऊसोंच्या वाढदिवसाची फाइल तिनं नुसती मोबाइल नंबर बघायला उघडली होती. कशाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं. तिनं 'यस' दाबलं. तो सोमवार होता. गुरुवारी उसाला पाणी पाजताना भाऊसो जागीच गेले. श्रद्धांजली करायला तिनं फाइल उघडली, तर ती तयारच होती. हार, काळा-पांढरा फोटो आणि खाली गुरुवारची तारीख.

मग गावातल्याच राहीबाईंच्या पंचाहत्तरीच्या फाइलीनं तसंच विचारलं. तिनं देवाचं नाव घेऊन 'नो' दाबलं. राहीबाई आठ दिवस दवाखान्यात होत्या, नवव्या दिवशी चालत घरी आल्या. हे सांगायचं कुणाला? लोक खुळ्यात काढतील. 'नो' म्हटलं की भागतं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आज तानाजी यायचा होता. सतरा वर्षं फौजेत काढून, कायमचा. वेशीवर लावायचा त्याच्या सेवापूर्तीचा फ्लेक्स तिनं कालच केला होता, पण ऐन वेळी लाइट गेली नि सगळं उडालं. सकाळी पुन्हा बसून केला. छापायचा तेवढा राहिला होता.

दुपारी तीनला मिरवणुकीची वेळ तपासायला तिनं फाइल उघडली. गणवेशातला तानाजी हसत होता. त्याच्या खांद्यावर झेंडूची एक पाकळी होती. ती तिनं ठेवली नव्हती.

बघता बघता दुसरी आली.

घाबरायचं न्हाई, ती स्वतःशीच पुटपुटली. बंद करायचं, इचारलं की 'नो'. बोट तयार ठेवून तिनं खिडकी बंद केली.

खिडकी बंद झाली. कॉम्प्युटरनं काहीच विचारलं नाही.

"सयाजीदादा, ह्यानं इचारलं न्हाई!"

"आता न्हाई इचारायचा त्यो," सयाजी आतून म्हणाला. "काल तुमची मेहनत वाया गेली न्हवं? मगाशी सेटिंगच बदललं. बंद केलं की आपोआप सेव्ह!"

फाइल पुन्हा उघडायचा तिला धीर झाला नाही. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"कुठं हायसा?"

"गावात शिरलो की! जीप मिळाली, लवकर आलो." तानाजीचा आवाज खुशीत होता.

तिचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं.

"आन तुझा फ्लेक्स बघितला गं वेशीवर. लय मोठा लावलाय. पन राजे, रंगीत का न्हाई केलास?"

राजेश्वरीनं मान वळवून छपाईच्या मशीनकडं बघितलं. सकाळी चढवलेली फ्लेक्सची गुंडाळी अजून कोरीच होती.