अडीच मिलीमीटरची अक्षरं

गॅलरी कोसळली तेव्हा तिच्यावर एकच माणूस होता.

नव्या सभागृहाच्या भिंतीला टांगलेली ती लांबलचक लोखंडी गॅलरी. सोमवारी उद्घाटन ठरलेलं. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास फिटर शेवटचे नट आवळायला वर चढले. सगळी साइट त्यांना मामा म्हणायची. ते तीन पावलं चालले असतील नसतील, भिंतीतून कडकन आवाज आला. खालच्या माणसांनी मान वर करेपर्यंत सगळं खाली आलं होतं.

मामांच्या हत्यारांच्या पिशवीत ड्रॉइंगची प्रिंट सापडली. त्यात गॅलरीला भिंतीशी धरणाऱ्या एका ब्रॅकेटकडे बाण गेला होता आणि बाणाच्या दुसऱ्या टोकाला नोट होती: 'अँकर बोल्ट, प्रत्येक ब्रॅकेटला २ नग.' हवे होते चार. प्रिंटच्या कोपऱ्यात, ड्रॉइंग काढणाऱ्याच्या रकान्यात, एका मुलीचं नाव होतं. ती मामांची सख्खी भाची.

मंगळवारी दुपारी सुरक्षा खात्याच्या तपास अधिकारी त्या ड्रॉइंग ऑफिसात आल्या. बाई अंगानं जाड, चालायला सावकाश आणि स्वभावानं भलत्या चिवट. पर्समध्ये पोलादी मोजपट्टी. लोकांच्या बोलण्यापेक्षा तिच्यावर त्यांचा जास्त भरवसा.

दाराजवळच्या बाकावर एक बाई ताठ बसली होती. मामांची बायको. आज दुसरा दिवस, ऑफिस उघडलं की ती येऊन बसे आणि बंद होईपर्यंत हलत नसे. कुणाशी बोलत नसे. काचेपलीकडे बसलेल्या भाचीकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी तपास अधिकारी बाईंना संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला होता. त्यानंतर ते भाचीला घेऊन जाणार होते.

"नोट तू लिहिलीस?" बाईंनी विचारलं.

"मी चार लिहिलं होतं, मॅडम. दोन बाण होते नोटेला. एक वरच्या जोडीवर, एक खालच्या जोडीवर."

"खात्री आहे?"

तिचे डोळे सुजले होते. "शनिवारपर्यंत होती. आता डोळे मिटले की मला दोनच दिसतं. प्रिंटवर दोन आहे, फाइलमध्ये दोन आहे. मीच लिहिलं असेल. मीच मारलं मामाला."

"ते मी ठरवीन. पहिली प्रिंट कधी काढलीस?"

"बुधवारी सकाळी. सहीसाठी मोठ्या साहेबांकडे दिली."

"आणि साइटवर गेली ती?"

"शुक्रवारी गेली. साहेबांनीच पाठवली. ती तीच होती, असं मी धरून चालले."

"फाइल शेवटची कधी सेव्ह झाली?"

"गुरुवारी, एक वाजून वीस मिनिटांनी. माझ्याच मशिनवर." तिचा आवाज खोल गेला. "तेव्हा मी खाली जेवत होते. एकटीच."

"मशिन बंद करून गेली होतीस?"

"इथं कुणीच बंद करत नाही."

"जुनी प्रत?"

"ठेवत नाही आम्ही. त्याच फाइलवर सेव्ह करतो."

बाईंनी वहीत काहीतरी खरडलं. शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समनला त्यांनी बोलावलं. त्याला ऑफिसात 'सुपरफास्ट' म्हणत, कारण एक जिना काढायला तो चार दिवस घेई.

"गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कुठे होतास?"

"इथंच. टेबलावर डोकं टेकून झोपलो होतो."

"तिच्या मशिनपासून चार हातांवर."

"हो."

"तिचं तुझं पटतं?"

सुपरफास्टनं तिच्या टेबलाकडे पाहिलं. "ती माझ्या मागून आली आणि माझ्या आधी वरच्या जागेवर गेली. राग होता. खोटं कशाला बोलू? पण मामा आम्हा सगळ्यांचे मामा होते हो."

"शिकलास कुठे?"

"आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. एकाच मास्तरांकडे."

मोठे साहेब आपल्या केबिनमध्ये होते. या ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. कपड्यांना सुरकुती नाही, बोलण्यात घाई नाही. टेबलावर टोकदार पेन्सिली ओळीनं मांडलेल्या.

"मी पेन्सिलीचा माणूस," ते म्हणाले. "उभ्या आयुष्यात संगणकावर एक रेघ ओढलेली नाही मी. ती काढते, मी विश्वासानं सही करतो. कामाच्या गडबडीत आकड्यावर नजर गेली नाही. तेवढी चूक माझी, लिहून घ्या."

"पहिली प्रिंट कुठे आहे?"

"तीच तर साइटवर गेली."

बाईंनी गोदामाची एक चिठ्ठी पुढे सरकवली. "दोन भोकांचे ब्रॅकेट तुम्ही बुधवारी दुपारी काढून घेतलेत. जुन्या कामातले उरलेले."

"ड्रॉइंगमध्ये दोन बोल्ट होते, म्हणून दोन भोकांचे काढले. ड्रॉइंग बुधवारी सकाळीच आलं होतं माझ्याकडे." साहेबांनी चिठ्ठी परत केली. "यात गूढ काही नाही. पोर हुशार आहे, पण हात सैल. घरच्याच माणसावर बेतलं, हे तिचं दुर्दैव."

उत्तर चोख होतं. बाई उठल्या, बाहेर आल्या आणि त्यांनी साइटवरची प्रिंट टेबलावर पसरली. पट्टी काढून अक्षरं मोजली. प्रत्येक नोट अडीच मिलीमीटर उंच. दोन बोल्टांची नोटही अडीच. वेगळं काहीच दिसत नव्हतं.

काचेतून मामी सुपरफास्टकडे एकटक बघत होती; त्यानं खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली.

मग बाईंचं बोट कोपऱ्यावर थांबलं. "शीट एक, एकूण दोन. दुसरी शीट कुठाय?"

"ती छापलीच नाही अजून," भाची म्हणाली. "ही एकास पन्नास स्केलची आहे. दुसऱ्या शीटवर याच ड्रॉइंगमधला ब्रॅकेट मोठा दिसतो, एकास दहानं."

"छाप."

"त्याची काय गरज?" साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. "पोलीस खोळंबलेत."

"खोळंबू देत."

मोठे कागद छापणारा प्लॉटर घरघरला. कागद इंचाइंचानं बाहेर येऊ लागला. ब्रॅकेटची कडा आली, भिंत आली, बारीक सुबक नोटा आल्या. आणि मग काळी, राक्षसी अक्षरं येऊ लागली. 'अँकर बोल्ट, प्रत्येक ब्रॅकेटला २ नग.' त्या एका नोटेनं अर्धं ड्रॉइंग झाकून टाकलं होतं. तिच्या बाणाचं टोक अंगठ्याच्या नखाएवढं होतं.

भाची खुर्चीवरून उठली. "असं कसं होईल?"

"बघा!" साहेब म्हणाले. "हा निष्काळजीपणा. धड अक्षरं जुळवता येत नाहीत, आणि माणसं हिच्या भरवशावर वर चढतात."

बाईंनी त्या अक्षरांवर पट्टी ठेवली. साडेबारा मिलीमीटर. त्यांनी शांतपणे सुपरफास्टकडे मान वळवली.

"समज, स्केलप्रमाणे नोटांचा आकार आपोआप बदलायची संगणकाची सोय नाहीये. एकास पन्नासच्या शीटवर अक्षर अडीच मिलीमीटर यायला हवं. हातानं उंची किती देशील?"

"हातानं?" सुपरफास्ट गांगरला. "हातानं कशाला द्यायची? आपण फक्त अडीच सांगतो, बाकी ते... थांबा हं. भागायचं का? मॅडम, खरंच कधी केलं नाही."

"सव्वाशे," मागून साहेब करवादले. "अडीच गुणिले पन्नास. एवढंसुद्धा शिकवत नाहीत हल्ली!"

बाईंनी पट्टी उचलून पर्समध्ये ठेवली.

"तुम्ही कुठे शिकलात हे, साहेब?"

"म्हणजे?"

"पेन्सिलीच्या माणसाला हा गुणाकार लागतच नाही. तो कागदावर सरळ अडीच मिलीमीटरचं अक्षर लिहितो आणि मोकळा होतो. संगणकात गॅलरी खऱ्या मापाची काढतात. छापताना ती पन्नास पटींनी लहान होते, म्हणून पूर्वी अक्षर पन्नास पटींनी मोठं करून ठेवावं लागे. हा हिशेब तोंडपाठ असतो तो फक्त त्या जुन्या पद्धतीनं संगणकावर काम केलेल्याला."



"या दोघांच्या वेळेला ती पद्धत गेली होती. यांच्या नोटा स्केलप्रमाणे आपला आकार आपणच बदलतात. कुठल्याही शीटवर छापा, अक्षर अडीचचं अडीच, बाणही तेवढाच. या शीटवरच्या बाकीच्या सगळ्या नोटा तशाच आहेत. एकच नोट तशी नाही. ती कुणीतरी सव्वाशेची करून ठेवली. पन्नासानं भागली तर अडीच, म्हणून पहिल्या शीटवर बेमालूम मिसळली. इथं दहानंच भागली, आणि झाली साडेबारा."

"हे कुणीही केलं असेल," साहेब म्हणाले. "नुसता आकडा बदलायला काय लागतं?"

"तेवढंच केलं असतंत तर मी आज हात हलवत परत गेले असते. पण हिच्या नोटेला दोन बाण होते. तुम्ही खालचे दोन बोल्ट पुसलेत आणि एक बाण रिकाम्या जागेकडे रोखलेला राहिला. या नव्या तऱ्हेच्या नोटेचा दोनपैकी एकच बाण कसा पुसायचा, ते तुम्हाला येईना. मग अख्खी नोट पुसून तुम्ही तुमच्या सवयीनं नवी केलीत. पहिल्या शीटवर छान दिसली. दुसरी शीट उघडून पाहिली नाहीत."

बाई एक पाऊल पुढे झाल्या.

"बुधवारी सकाळी तुमच्या हातात चार बोल्टांचं ड्रॉइंग आलं. दुपारी तुम्ही दोन भोकांचे ब्रॅकेट काढलेत. गुरुवारी, ही जेवायला गेली आणि हा घोरत होता तेव्हा, ड्रॉइंग ब्रॅकेटला जुळवलंत आणि पहिल्या प्रिंटऐवजी नवी छापून साइटवर पाठवलीत. का?"

साहेबांनी टेबलाचा आधार घेतला. एवढा वेळ ताठ असलेला माणूस बघता बघता म्हातारा दिसू लागला.

"चार भोकांचे ब्रॅकेट यायला तीन आठवडे लागणार होते," ते पुटपुटले. "सोमवारची तारीख मी सगळ्यांना दिली होती. मला वाटलं, दोन धरतील."

दार उघडल्याचा आवाज झाला. मामी आत आली होती.

"त्यांनी विचारलं नाही?" ती म्हणाली. तीन दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "विचारल्याशिवाय ते साधा खिळा ठोकत नव्हते. ते तुम्हाला विचारायला आले नाहीत?"

साहेब केबिनकडे वळले.

"बोला," बाई म्हणाल्या.

"आले होते. शुक्रवारी. म्हणाले, साहेब, दोन कमी वाटतात."

"मग?"

"मी त्यांना कोपऱ्यातलं नाव दाखवलं. म्हटलं, तुमच्याच भाचीनं काढलंय." साहेबांचा आवाज फाटला. "ते हसले. म्हणाले, मग प्रश्नच नाही."

भाची जिथं उभी होती तिथंच खाली बसली, दोन्ही हात कानांवर दाबून.

मामी साहेबांकडे वळलीसुद्धा नाही. ती टेबलांमधून वाट काढत भाचीपाशी गेली, जमिनीवर तिच्यासमोर बसली आणि तिनं तिचे हात कानांवरून ओढून काढले.

"चारच लिहिलं होतंस तू," ती म्हणाली. "ऐकतेस ना? चारच लिहिलं होतंस, पोरी."

तेव्हा कुठे भाची मोठ्यानं रडली, आणि तिला छातीशी धरून मामीही.