मुठीतली राणी

दातांच्या डॉक्टरांना नाद एकच, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली सोन्याची नाणी जमवायचा. केसांना फीत बांधलेली तरुण राणी त्यांच्याकडे होती, इवलासा मुकुट घातलेली प्रौढ राणीही होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली म्हातारी राणी तेवढी राहिली होती. तीही बाजारात मिळाली असती. पण त्यांच्या मनात भरलं होतं ते त्यांच्या जुन्या पेशंटकडचं, एका घड्याळजींकडचं नाणं. इतकं कोरं, की राणीच्या गालावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात. डॉक्टर वीस वर्षं मागत होते. घड्याळजी हसून म्हणायचे, "माझ्या हातून सुटलं, तर तुमचंच."

घड्याळजी वारले. महिन्याभराने त्यांच्या बायकोचा फोन आला, "येऊन घेऊन जा."

भरदुपारी डॉक्टर गेले. घरात अजून औषधांचा वास होता. बाईंनी नाणं रुमालात धरून पुढे केलं. पैशांचा विषयही काढू दिला नाही.

"मुठीतच होतं त्यांच्या. दोघांनी तेल लावून उघडली मूठ..."

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. पण नाणं तळहातावर पडलं आणि ते सगळं विसरले. नाणं कोमट होतं.

घरी येऊन त्यांनी ते मखमलीच्या खणात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि जरा आडवे झाले. बायकोच्या हाकेने जाग आली.

"अहो, मूठ का आवळलीय एवढी?"

मुठीत नाणं होतं, घामाने ओलं. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं.

"झोपेत काढलं असेल तुम्हीच," बायको म्हणाली आणि नाणं परत कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधे, खुर्चीत त्यांचा क्षणभर डोळा लागला. उठले तेव्हा मूठ मिटलेली. या खेपेला ती उघडेना. दुसऱ्या हाताने जोर लावला, तसा आतून कुणी उलटा जोर लावला.

बाहेर पेशंट ताटकळत असताना डॉक्टर तसेच, हात कोटाच्या खिशात खुपसून, घड्याळजींचं घर गाठते झाले.

बाईंनी तेलाची वाटी आणली. एकेक बोट सोडवलं. नाणं टेबलावर पडलं.

"राहू दे इथेच," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

बाई त्यांच्या तळहाताकडे बघत होत्या. चार नखं खोल रुतल्याच्या खुणा होत्या तिथे, रक्त साकळलेलं. डॉक्टरांची नखं कामामुळे मुळापासून कापलेली.

"शेवटी शेवटी यांची फार वाढली होती," बाई हळूच म्हणाल्या. "मला कापू देत नव्हते..."

चारही खुणा आठवड्याभरात भरून आल्या. पाचवी, अंगठ्याची, त्यानंतर उमटली.