केवळाबाईची सकाळ

शिरूर ताजबंदला एसटी थांबली आणि तनुजाच्या शेजारची, नांदेडपासून तिच्या पिशवीने अडवून ठेवलेली जागा गेली.

"पिशवीचं तिकीट काढलंय का?"

तिने वर पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर भस्माची पुसट रेघ आणि हसू दाबून धरलेला चेहरा. तिने पिशवी मांडीवर ओढली. "बसा."

तो बसला, पण मधे अंतर सोडून, सीटच्या पार कडेला टेकून. तनुजाला ते आवडलं आणि आवडलं म्हणूनच ती घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागली. आज असल्या लाडांना वेळ नव्हता. नायगावहून निघताना बापूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं : लातूरच्या क्लासात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुदखेडच्या पाहुण्यांना होकार कळवायचा. तिनेही 'हाव' म्हटलं होतं. स्थळं टाळून टाळून तिच्याकडे आता दुसरं काही म्हणायला उरलंच नव्हतं. मुदखेडचा मुलगा वाईट नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं, लग्नानंतर शिकवण्या बंद करायला काही अडचण नाही ना?

"काय पुटपुटायलात तुमी?" चाकूर यायच्या आत शेजाऱ्याने विचारलंच. "मंत्र हाय का कसला?"

"रन."

"आँ?"

"इंग्रजीतला रन. पळणं."

"तेवढं येतंय मला. जळकोटच्या शाळेत तासिकेवर इंग्रजीच शिकवतो. अमरेश नाव माझं."

"असं?" तिने भुवई उचलली. "मग सांगा सगळे अर्थ."

त्याने डोळे मिटले. "पळणं, धाव, वाहणं, चालवणं, निवडणुकीला उभं राहणं..."

"पाठ केल्यावानी सांगायलात."

"केलंच हाय पाठ. अकरावी-बारावी लातूरची आमची. इतकं घोटून घेतलंय, की एकदा कानावर पडलं की पडलं. काढू म्हटलं तरी निघत न्हाई."

तनुजा हसली. आणि मग — पुढे दिवसभर तिला स्वतःच्या जिभेचा राग येत राहिला — तिने सांगून टाकलं.

"माझी आई, केवळाबाई. सकाळी नळ येतो, रन. गार पाण्यानं तिचं नाक वाहतं, रन. नव्या लुगड्याचा रंग जातो, त्येबी रन. डब्यातली साखर..." ती जरा थांबली, "...संपलेली असती, रन आउट. दावं सोडून वासरू पळतं, त्याच्यामागं ही पळती. आन् हे करता करता अख्खं घर चालवती, रन. एकदा सरपंचकीला उभी राहिली, त्येबी रनच. पडली म्हणा."

तो हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला. "एका शब्दात बाईची अख्खी सकाळ... पोरं विसरणार न्हाईत कधी."

वाऱ्याने तिची ओढणी उडून त्याच्या मनगटावर पडली. त्याने हात हलवला नाही. तिनेही ओढणी आवरायला उशीरच केला... अंमळ जास्तच. लातूरला उतरून दोघे दोन रिक्षांत बसले. कुठे चाललात, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. नोकरीचं नक्की होईस्तोवर बोलू नये, एवढं दोघांनाही घरून बजावलेलं होतं.

क्लासच्या ऑफिसात तनुजा शिरली, तर समोरच्या खुर्चीत अमरेश.

क्लासचे मालक ईश्वरप्पा सर दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "जागा एक, माणसं दोन. आमची पद्धत साधी हाय. इंग्रजीतले रोजचे शब्द आन् त्यांचे नाना अर्थ, हाच विषय दोघांनी एकाच वर्गाला शिकवायचा. एकानं शिकवताना दुसऱ्यानं मागच्या बाकावर बसून ऐकायचं, म्हणजे उद्या तक्रार नको. मग दोघं दोन खोल्यांत उभे राहा. जास्त पोरं ज्याच्या खोलीत जाऊन बसतील, त्याची नोकरी. पहिले तुमी, अमरेश सर."

तनुजाजवळ होती ती एकच हुकमी गोष्ट, आणि ती तिने चाकूरच्या रस्त्यावर फुकट वाटली होती.

जिन्यात तो थांबला. "तुमची गोष्ट मी सांगणार न्हाई."

"मी कुठं म्हणलं, सांगाल म्हणून?"

"डोळे म्हणायलेत तुमचे."

"डोळ्यांचं ऐकू नका. शब्दाला जागा म्हणजे झालं."

तिने मागचा बाक धरला. हॉल गच्च भरलेला, पोरंपोरी डॉक्टर व्हायला घर सोडून आलेली, शिक्षक पारखून घेण्यात मुरलेली. अमरेशने 'सेट' हा शब्द घेतला आणि एकामागून एक अर्थ सांगत सुटला. पोरांनी जांभया दिल्या. तिसऱ्या रांगेतला एकजण म्हणाला, "सर, हे मोबाईलमधे बी हाय. तुमचं काय ते सांगा."

अमरेश थांबला. खडू बोटात फिरवू लागला. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला आणि तनुजाला त्याची कीव आली, अगदी मनापासून. तेवढ्यात त्याने तोंड उघडलं.

"माझी आई, केवळाबाई. सकाळी नळ येतो, रन..."

नळ, नाक, लुगडं, सगळं तनुजाच्याच क्रमाने, तिच्याच सुरात. साखरेपाशी तो थांबलासुद्धा तिच्यासारखाच. पोरं खदाखदा हसत होती, झोपलेले बाक जागे झाले होते. तनुजाने बाकाची कड घट्ट धरली. पण त्याचे डोळे हसत नव्हते. स्वतःच्याच तोंडून काय निघतंय ते ऐकून तो भेदरला होता, आणि तरी घोकलेला धडा सुटावा तसा तोंडातून सुटतच होता. सरपंचकीपाशी येऊन तो एकदम गप्प झाला.

"माझ्या आईचं नाव शिवकांता हाय," तो म्हणाला. हॉलमधलं हसू विरलं. "केवळाबाई त्या मागं बसलेल्या मॅडमच्या आई. गोष्ट त्यांची. एसटीत ऐकली... घाबरलो आन् तोंडातून गेली. सांगणार न्हाई म्हणून शब्द दिला होता, तोबी राहिला न्हाई." त्याने खडू ठेवला. "माझं झालं."

आणि तो खाली मान घालून मागच्या बाकावर, तिच्यापासून दूरच्या टोकाला येऊन बसला.

तनुजा उठली. फळ्यापर्यंत जाताना तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही संताप येत होता. सांगायला हाताशी काहीच नव्हतं. तिने फळ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"एखादा शब्द तुमीच द्या."

"मॅडम, ब्रेक द्या," पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, आणि हॉल हसला.

"दिला," तनुजा म्हणाली. "फळ्यावर. आता तुमच्या घरी काय काय ब्रेक होतं, ते सांगा. इंग्रजी नको, घरच्या बोलीत सांगा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. घड्याळाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. मग एकजण म्हणाला, काच फुटती. दुसरा म्हणाला, आजी एकादस सोडती. दुकानात नोट मोडतात. चॅनलवाले बातमी फोडतात. "याचा आवाज फुटलाय," कुणीतरी शेजाऱ्याला ढोसलं. दिवस उजाडतो. शब्द मोडतो, असं एक पोरगा मुद्दाम मागे बघत म्हणाला आणि तनुजाने तेही लिहून घेतलं. फळा मराठी क्रियापदांनी भरून गेला आणि वर एकटा इंग्रजी शब्द.

"बघा," ती म्हणाली, "इंग्रजांना एकच शब्द पुरतो. आपल्याला प्रत्येक मोडण्याला वेगळा लागतो. म्हणून आधी घरचा शब्द शोधायचा. तो सापडला की इंग्रजीची भीती राहत न्हाई."

पहिल्या बाकावरची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, हॉस्टेलला सोडून आई बाबा निघाले तवा..." आणि पुढे बोललीच नाही.

"त्याला बी हाच शब्द हाय," तनुजा म्हणाली.

मग ती एका रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहिली, अमरेश समोरच्या. व्हरांड्यात पावलांचा गलका होता. समोरच्या खोलीचं दार वाजलं. इकडे कुणीच येईना. तिच्या डोळ्यांपुढे मुदखेडचं बैठकीचं घर आलं, चहाचा ट्रे आला... आणि दारात ती पहिल्या बाकावरची पोरगी आली. तिच्यामागे दुसरी. मग लोंढाच. बाक संपले तरी पोरं दाराशी उभी होती.

ईश्वरप्पा सरांनी दोन्ही खोल्यांत डोकावून घेतलं. "सोमवारपासून या, मॅडम."

अमरेश फाटकाशी उभा होता. गेला असता तर बरं, असं तिला वाटलं. गेला असता तर फार वाईट वाटलं असतं, हेही तिला कळत होतं.

"कीव आली म्हणून ठेवला का खडू?" तिने तोडून विचारलं.

"न्हाई. लाज वाटली म्हणून."

"माझी सगळी गोष्ट घालवली तुमी."

"घालवली." तो वर बघेना. "शिव्या द्या, खाईन. पण एक सांगतो... तिथं उभा राहिलो आन् इतक्या वर्षांचं पाठ केलेलं समदं गेलं. डोक्यात काय म्हणून राहिलं न्हाई. राहिला तो तुमचा आवाज तेवढा."

तिला चिडायचं होतं. राग खरा होता, अजून गेलाही नव्हता. पण हा माणूस भरल्या हॉलमधे, हाताशी आलेली नोकरी सोडून खरं बोलला होता, आणि तो तिला आवडला होता. एसटीतच आवडला होता. आता तर जास्तच.

फोन वाजला. बापूंचा आवाज नेहमीसारखा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"काय झालं गं, तनू?"

"लागली, बापू. सोमवारपासून."

"बरं झालं. लई बरं झालं बाई... मग मुदखेडच्या पाहुण्यांना काय सांगू?"

"न्हाई म्हणून सांगा."

"कारण इचारतील. दुसरा कुणी हाय का?"

अमरेश एकदम बॅगेची चेन लावायला लागला. ती आधीच लावलेली होती.

"हाय," तनुजा म्हणाली.

"आँ? कुठला हाय? काय म्हणतो त्यो?"

"जळकोटचा हाय." तिने अमरेशकडे सरळ पाहिलं. त्याचा हात चेनवर तसाच राहिला. "अजून इचारलं न्हाई त्याला. समोरच उभा हाय, बापू... फोन ठेवू नका, इचारून सांगते."