किटली कुणी लावली?

"अगं बया, ही चकती हाय का भवरा! नुसती गरगर, गरगर... ह्या नर्सबाईची किटली माझं घरदार इकून खाणार बघ एक दिवस!"

उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता मुक्ता थबकली. आत पुढच्या सोप्यात घरमालकीण बनुबाई विजेच्या मीटरखाली पाट टाकून बसली असणार, हे तिला न बघताही कळलं. बनुबाईला घड्याळ कळत नव्हतं, पण मीटरची चकती ती नाडीसारखी बघायची. दिवा लागला की चकती चालते, किटली लागली की पळते.

"सकाळी लावून गेल्या असतील, मावशी," शेजारच्या खोलीतून कृष्णातचा आवाज आला. "विसरभोळ्याच हैत त्या. माझा दिवा बी बघा कसा डोळं मिटाय लागलाय. ह्या उजेडात तंबोऱ्याचं काम करायचं कसं?"

बनुबाईच्या बोलण्याचं मुक्ताला काही वाटत नसे. ती म्हशीशीसुद्धा त्याच सुरात बोलायची. पण कृष्णात?

मिरजेतल्या त्या घरात भाडेकरू दोनच. एका खोलीत म्हसवडचा कृष्णात. तो सतारमेकरांच्या कारखान्यात कामाला होता आणि तारा जुळवायला तंबोरे घरी आणायचा. दुसऱ्या खोलीत औंधकडची मुक्ता, दवाखान्यात नर्स. घरात प्लग एकच, तोही सोप्यात, त्यामुळे मुक्ताची किटली तिथल्या फळीवरच असे. पलटणीतल्या भावानं सुट्टीवर येताना आणलेली, अगदी स्वस्तातली. झाकण नीट बसत नव्हतं, मूठ खुळखुळत होती. पाणी उकळलं तरी आपण होऊन बंद पडण्याचं शहाणपण तिच्यात नव्हतं, आणि ती बंद करायची आठवण मुक्तात नव्हती.

मुक्ता-कृष्णातची ओळखसुद्धा या किटलीमुळेच झालेली. मुक्ता नवी आलेली, किटली लावून वेणी घालत बसलेली... आणि बाहेरून हाक आली होती, "ओ बाई, पाणी प्यायचं हाय का किटली भाजून खायची हाय?" ती धावली, तेव्हा तो बटण बंद करून उभा होता. बोटांवर तारांनी पडलेले बारीक काप, अंगाला लाखेच्या पॉलिशचा वास, आणि डोळ्यांत असं हसू, की तिला रागवायचंच सुचलं नव्हतं.

पुढं एक गंमत सुरू झाली. संध्याकाळी ती ड्यूटीवरून यायची, तर किटलीत पाणी कढत. आधी तिला वाटलं, आपणच सकाळी विसरलो. पण सकाळपासून लागलेली किटली संध्याकाळी काठोकाठ भरलेली कशी राहील? जळून कोळसा व्हायची! म्हणजे कुणीतरी... तिनं विचारलं नाही. विचारलं की पाणी उद्यापासून गार मिळेल, अशी उगाच धास्ती वाटली. ती नुसती चहा करायची, आणि भिंतीपलीकडं तार जुळत जायची — पहिल्यांदा जरा खाली, मग बरोबर.

आणि आज तोच म्हणत होता, विसरभोळ्याच हैत त्या!

म्हणजे लावणारा हा नव्हेच? की लावणारा हाच, आणि नाव माझं? कारखान्यातला एक जोडीदार खोली शोधतोय, असं तो मागं सहज बोलला होता. सहजच बोलला होता ना?

ती आत गेली, तशी बनुबाई पाटावरून उठली.

"हे बघ पोरी, लय सोसलं. आता परत मीटर असा पळाला, तर खोली मोकळी कर. मला सांगायला बरं वाटत न्हाई... पर सांगती."

आडनाव ऐकल्याबरोबर 'खोली कालच गेली बघा' म्हणणारी घरं मुक्तानं पुष्कळ पाहिली होती. बनुबाईनं आडनाव विचारलं होतं, ऐकलं होतं, आणि एवढंच म्हणाली होती, "पाणी आन् वीज जपून वापर." असं घर दुसरं कुठं मिळणार?

दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणीशी ड्यूटी बदलली आणि दुपार कलताच घरी आली. बनुबाई मागं गोठ्यात होती. कृष्णातच्या खोलीतून तारेचा आवाज येत होता. मुक्ता पाय न वाजवता आपल्या खोलीत शिरली आणि दाराच्या फटीशी बसली. चोर पकडायला आलेल्या माणसाची छाती इतकी का धडधडावी, हे तिचं तिलाच कळेना.

उन्हं उतरली, तशी तार मध्येच थांबली. पावलं... तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज... खट्.

कृष्णात किटलीसमोर उभा होता. खुळखुळती मूठ त्यानं दोऱ्यानं आवळली, सैल झाकण हलक्या हातानं दाबलं आणि परत खोलीत गेला. तार पुन्हा वाजू लागली.

पाणी उकळलं. झाकण थडथडू लागलं. आता येईल, आता बंद करील, म्हणून मुक्ता वाट बघत राहिली. पण गडी तारेत असा बुडालेला, की वाफेनं भिंत ओली झाली तरी पत्ता नाही. विसरभोळी मी काय!

तेवढ्यात मागच्या दारातून बनुबाई आली आणि चकती बघून कडाडली, "लागली का परत! कृष्णात, कुणी लावली रं?"

"नर्सबाईच सकाळी—" म्हणत कृष्णात दारात आला... आणि समोर मुक्ता उभी.

"सकाळी काय?" ती म्हणाली. "पुरं करा की वाक्य."

त्याचा चेहरा पार उतरला. "तुमची ड्यूटी..."

"बदलली. तुमच्या जोडीदाराला हवी का माझी खोली? तर तसं तोंडावर सांगा. माझ्यावर आळ कशाला?"

"जोडीदार? न्हाई हो! देवाशप्पत न्हाई!" तो एक पाऊल पुढं आला, परत मागं सरला. "तुमी येता न्हवं संध्याकाळी... तवा उंबऱ्यावर बसता, पाय चेपत. एकदा म्हणाला होता, चहा करायचं बी त्राण ऱ्हात न्हाई. म्हणून मी..."

"मग माझं नाव का घेतलं?"

"माझं घेतलं असतं, तर मावशी म्हणाल्या असत्या, का लावली? मग ते बी सांगावं लागलं असतं."

"का लावली?" मुक्तानं विचारलं.

तो बोटावरचे काप बघत राहिला. किटली फुसफुसत होती. बनुबाई चकतीकडं बघत होती, आणि नवल म्हणजे ओरडत नव्हती.

"मला काय दिसत न्हाई व्हय?" ती हळूच म्हणाली. "सकाळची किटली दिस मावळंस्तवर भरलेली ऱ्हाती व्हय रं? मला वाटलं, खोली मोकळी कर म्हटल्यावर तरी एकजण तोंड उघडंल. बोल की आता मुडद्या, वीज जळाय लागलीया!"

"घरी... म्हसवडला..." कृष्णात अडखळला. "आबा तुमचं आडनाव विचारतील. मी सांगीन त्यास्नी. भांडीन बी. पर आधी तुमीच न्हाई म्हणाला तर... ही किटली लावायचं बी जाईल माझ्या हातनं."

मुक्तानं त्याच्याकडं पाहिलं. तीच धास्ती. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकच धास्ती बसली होती, आणि मधे बिचारा मीटर पळत होता.

"कृष्णात," ती म्हणाली, "मला तुमी आवडता. लय दिवसांपासून. आता तेवढी किटली बंद करा."