ड्राइव्ह कुणी निवडला?

"मुलगी चुकली असेल तर तसं तोंडावर सांगा. पण खरं काय ते आज संध्याकाळच्या आत शोधा," पाइप कारखान्याचे मालक म्हणाले आणि चहाला हातही न लावता उठले.

वहिनींनी त्यांना परत बसवलं. यंत्रांच्या भानगडी खासगीत उकलून देणं हा वहिनींचा धंदा. साऱ्या औद्योगिक वसाहतीत त्यांना वहिनीच म्हणतात, कारण त्यांचे दीर सतत बरोबर असतात आणि दर वाक्याला "वहिनी, वहिनी" करतात. हे भावोजी मनाने सोन्यासारखे. डोकं तेवढं जरा सावकाश चालतं.

मालकांनी हकिगत सांगितली. प्लास्टिकचे दाणे वितळवून पाइप काढणारा एक्स्ट्रूडर हा त्यांच्या कारखान्याचा जीव. त्याच्या मोटरीचा वेग सांभाळणारा जुना ड्राइव्ह जळाला. नवा निवडायचं काम त्यांनी इंजिनियर लेकीवर सोपवलं. ड्राइव्ह विकणाऱ्या एका एजंटचा स्वस्त माल नाकारून तिने दुसराच आणला. पहिल्या दिवशी मशीन झकास चाललं. दुसऱ्या दिवसापासून मात्र प्लास्टिक पुढे ढकलणारा आतला मोठा स्क्रू फिरवायला गेलं की ड्राइव्ह बंद! आठवडाभर एक पाइप बाहेर पडला नव्हता.

"तिला कारखान्याची प्रमुख करणार होतो मी. आता धाकटा भाऊ म्हणतो, ड्राइव्ह काढा आणि पोरीलाही घरी बसवा. संध्याकाळी कामगारांसमोर काय तो निर्णय सांगायचाय."

"तुम्हाला काय वाटतं?"

मालकांनी गार झालेला चहा बाजूला सारला. "ती चुकणार नाही असं वाटतं. पण बापाला तसंच वाटायचं."

कारखान्यात लेक पॅनेलपाशी उभी होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"हाच ड्राइव्ह का निवडलास?" वहिनींनी विचारलं.

"एजंटचा पंपासाठी चांगला होता. पंप हळू फिरताना मोटरीला फारसा जोर लागत नाही. इथं स्क्रूभोवती घट्ट प्लास्टिक असतं, त्यामुळे पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लागतो. म्हणून मी नुसती हॉर्सपॉवर नाही बघितली, मोटरीचा पूर्ण करंट बघितला आणि वर मिनिटभर दीडपट करंट देईल असा घेतला. हळू वेगात मोटरीचा स्वतःचा पंखा पुरत नाही, म्हणून वेगळा पंखा लावला. आणि स्क्रूला सोसणार नाही इतका जोर लागला तर ड्राइव्हने थांबावं, अशी मर्यादाही घातली."

"कळलं का भावोजी?"

"कळलं की! पंप म्हणजे रिकामी हातगाडी. हा स्क्रू म्हणजे भरलेली, तीही चढावर."

"वा! आज बदाम खाऊन आलात वाटतं."

भावोजी खूश झाले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण वहिनी, एवढं सगळं बरोबर आहे तर मशीन बंद का?"

"तेच तर शोधायचंय."

काका, म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ, ऑफिसात भेटले. चहा आला. काकांनी घोट घेतला आणि कप तसाच परत पाठवला. "कोमट आहे! चहा कसा, ओठ भाजले पाहिजेत. गार खाणं-पिणं मला विषासारखं. हं, काय विचारत होतात? अहो, पोर हुशार आहे, माझी पुतणीच ती. पण हा पुस्तकी ड्राइव्ह लहान पडतोय, आणखी काय?"

शेजारी एजंट बसलाच होता. मशीन बंद पडल्यावर काकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. कारखान्याच्या आत तो कधी गेलाच नव्हता. वहिनींनी त्याला मशीनपाशी नेलं, तर हा बाबा कुजबुजत भावोजींना विचारतो, "यातलं बॅरल म्हणजे नेमकं कुठलं हो?" भावोजींना सकाळीच कळलं होतं, त्यामुळे त्यांनी ऐटीत दाखवलं. स्क्रूभोवतीची ती लांब जाड नळी, तेच बॅरल.

राहिला फोरमन. मिशा पिळत तो सुरुवातीपासूनच गुरगुरत होता.

"ताईंच्या आधीपासून हे मशीन सांभाळतोय मी. याच्या झाकणांच्या किल्ल्या फक्त माझ्याकडे आणि काकांकडे. बॅरलचे तिन्ही भाग तापलेत की नाही, रोज पॅनेलवर बघतो. तिन्ही आकडे बरोबर! दोष असेल तर ड्राइव्हचाच."

"बॅरलवर हे डबे कसले?"

"आमचे, जेवणाचे. सकाळी झाकणावर ठेवायचे, दुपारपर्यंत गरम होतात." फोरमनची छाती फुगली. "मधली जागा मानाची बरं का! इतकी वर्षं काकांची होती. नवा ड्राइव्ह बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन लावायच्या आधीच, काका स्वतः म्हणाले, 'फोरमन, आता हा मान तुमचा.' आणि आपला डबा पुढच्या टोकाला घेऊन गेले. आहे का असा मोठेपणा कुणाचा?"

जेवणाची घंटा झाली. फोरमनने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "रोजचंच झालंय हे. मान मिळाला, पण जेवण गारढोण! नशीबच फुटकं."

वहिनी हसल्या. भावोजींना वाटलं, फोरमनच्या मिशांना हसल्या.

संध्याकाळी सगळे मशीनभोवती जमले. लेक एका बाजूला एकटीच उभी होती.

"पहिल्या दिवशी बरोबर असलेली निवड दुसऱ्या दिवशी चुकीची ठरत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "ड्राइव्ह तोच, मोटर तीच. मग बदललं काय? फोरमन म्हणतात बॅरलचे तिन्ही भाग तापतात. पण मधल्या भागावरचा त्यांचा डबा गार राहतो. पॅनेलचा आकडा की डबा, खरं कोण बोलतंय? फोरमन, मधलं झाकण उघडा."

फोरमनने झाकण उघडलं आणि त्याचा आ वासला. मधल्या भागाचा उष्णता मोजणारा सेन्सर जागेवर नव्हता. त्याची वायर पुढे ओढून तो तापलेल्या पुढच्या भागात खुपसला होता.

"पॅनेलला वाटे मधला भाग तापला, आणि ते तिथला हीटर बंद करी. आत प्लास्टिक घट्टच राही. स्क्रू अडे आणि ड्राइव्ह थांबे. तो थांबला नसता तर स्क्रू पिळवटून तुटला असता. ड्राइव्ह बिघडला नव्हता, तो रोज हे मशीन वाचवत होता!"

कामगारांत कुजबुज झाली. लेकीने ओठ घट्ट दाबून धरले.

"किल्ल्या फोरमनकडे आहेत, वहिनी!" भावोजी ओरडले.

"आणि त्यांनी स्वतःच्याच पोटावर पाय दिला? एजंटला तर बॅरल कशाला म्हणतात हेच ठाऊक नाही. ज्यांना गार अन्न विषासारखं, त्यांनी मात्र इतक्या वर्षांची जागा एका सकाळी सोडली. मशीन तेव्हा एकदाही अडलं नव्हतं. मधली जागा गार पडणार, हे त्या सकाळी कुणाला माहीत होतं? फक्त ती गार करणाऱ्याला."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"दादा, मी..." काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग एकदम भडकून म्हणाले, "जन्मभर राबलो मी इथं! आणि खुर्ची कालच्या पोरीला?"

लेकीने सेन्सर स्वतःच्या हाताने जागेवर बसवला आणि हीटर लावले. मशीन पुरतं तापेपर्यंत एकही कामगार घरी गेला नाही. मग तिने बटण दाबलं. मोटर गुणगुणली, स्क्रू संथपणे फिरू लागला आणि पुढून गुळगुळीत पाइप सरसर बाहेर येऊ लागला.

"शाब्बास ताई!" सगळ्यात मोठ्याने ओरडला तो फोरमन.

मालकांचे डोळे भरून आले होते, पण छाती अशी फुगली होती की कोटाची बटणं तुटायचीच बाकी. "बघा!" ते म्हणाले. "बघून घ्या सगळ्यांनी! माझ्या लेकीने निवडलाय हा. आजपासून कारखान्याची प्रमुख ती." मग भावाकडे न बघता त्यांनी विचारलं, "याचं काय करायचं, तेही तूच सांग."

लेक काकांसमोर गेली. लहानपणी याच काकांनी तिला सायकल शिकवली होती. तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"काका, घरी कधीही या. आई नेहमीसारखं गरम वाढेल. पण या फाटकाच्या आत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

काकांनी आशेने मोठ्या भावाकडे पाहिलं. मालकांचे ओठ हलले. एकच तर भाऊ होता त्यांना. पण ते फोरमनकडे वळले.

"प्रमुख काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? फाटक उघडा."