हाकेला येईल तो

त्या मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलत बसलो होतो. जानेवारी महिना. लखनौचं धुकं असं होतं की अकरा वाजले तरी समोरच्या रेल्वे क्वार्टरचा जिना दिसत नव्हता. पान्हा इतका गार की बोटं चिकटत होती. फोन वाजला तेव्हा वाटलं, ऑफिसचा असेल.

गीताजींचा होता. गीताजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. माझी बायको सुचित्रा आणि त्या मिळून चार वर्षं मोकाट कुत्र्यांसाठी अर्ज, सह्या, धरणं असं करत शहरभर हिंडल्या होत्या. सुचित्रा जुलैत गेली. त्यानंतर गीताजींचा फोन क्वचितच यायचा.

"भाई साहब, ठकी घर पर है न?"

मी मागं वळून पाहिलं. दाराशी आमच्या कुत्रीचं गोणपाट रिकामं होतं. फाटक उघडं. दूधवाला गेल्यावर ते लावायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

"नहीं है," मी म्हणालो.

"तो वही थी. गाड़ीवालों ने सुबह आपके मोड़ से सफ़ेद कान वाली को फंदे में उठाया है. आज मंगल है, भाई साहब. चार बजे ट्रक जाएगा."

तो ट्रक कुठं जातो, हे आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

"आप चलेंगी साथ?"

"हम जाकर क्या करेंगे? सुचित्रा के बाद हमारे पुकारने पर एक भी नहीं आया. आप जाइए. घर की है, आपको तो पहचानेगी."

ठकी माझ्या हाकेला कधीच आली नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या हातचं खायची आणि सुचित्राच्या बाजूला, खाटेखाली जाऊन झोपायची. पण संध्याकाळी स्वरदा कॉलेजातून येणार होती. माझी मुलगी माझ्याशी हिंदीतच बोलते. मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत. आई गेल्यावर घरात ती फक्त ठकीशी मराठी बोलायची, कारण ठकीला दुसरी भाषा येत नव्हती. त्या पोरीसमोर मी रिकाम्या हातानं उभा राहू शकत नव्हतो. नळ तसाच टाकून मी स्कूटर काढली.

फैजाबाद रोडवर, चिनहटच्या कारखान्यांमागं एका ठेकेदाराचा कोंडवाडा होता. पूर्वी गुरांचा, म्हणून लोक अजून त्याला कांजी हाउसच म्हणत. तिथून आधी कुत्रा परत मिळतच नसे. सुचित्रानं दोन वर्षं खेटे घालून एक नियम करून घेतला. मालकानं किंवा त्याच्या वतीनं कुणी आत जाऊन नावानं हाक मारायची. कुत्रा जाळीशी आला, तर तो त्याचा. ठेकेदारानं हसत कबूल केलं. मोकाट जनावराला कुठलं आलंय नाव? मग ही दर रविवारी डबाभर पोळ्या घेऊन जायची आणि जाळीबाहेर उकिडवी बसून एकेकाला नाव शिकवायची. मोगरी, पेशवा, लाडोबा, सटवी. सगळी मराठी, म्हणजे दुसरं कुणी चुकून तीच हाक मारायला नको. सोमवारी गीताजी आणि बाकीच्या बायका मालकीण म्हणून सह्या करत, आणि हाक सुचित्रा मारी.

जूनमध्ये ती आजारी पडली तेव्हा चार जणांची नावं शिकवून झाली होती, सोडवायचं राहिलं होतं. इस्पितळात पडल्या पडल्या ती म्हणायची, "मोगरी राहिली हो. पेशवा राहिला. तुम्ही एकदा जाऊन या ना." मी हो म्हणालो. ऑफिसात तपासणी चालू होती. तो सोमवार गेला, मंगळवारही गेला.

कोंडवाड्याच्या फाटकाशी मुंशी दीनानाथ मफलर गुंडाळून शेकोटीपुढं बसला होता.

"बहनजी के साहब हैं न आप? सुना था हमने... भगवान की मर्ज़ी." त्यानं वही उघडली. "नाम?"

"ठकी."

"बहनजी भी नाम कहाँ-कहाँ से लाती थीं! एक का रखा था ढब्बू. हमारे ठेकेदार को घर में ढब्बू कहते हैं. बहनजी ने पुकारा तो कुत्ता बाद में आया, दफ़्तर से वो पहले निकल आए." तो खूप हसला. मलाही हसू आलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

आत एक लांबट गल्ली होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पार्टिशनचे जाळीबंद कप्पे आणि शेवटी भिंत. खिडकी नाही, वर झरोके, त्यातून धुकं आत उतरत होतं. दिवे सकाळपासून गेलेले. फिनेलचा, ओल्या कुत्र्यांचा आणि मुताचा वास.

"बाहर से ताला लगाएँगे, साहब. क़ायदा है, नहीं तो कोई निकल भागता है. आ जाए तो आवाज़ दीजिएगा."

लोखंडी दार लागलं. कुलूप वाजलं. तेवढ्यात फाटकावर गाडीचा हॉर्न झाला आणि दीनानाथची पावलं लांब गेली.

मी चालत पुढं गेलो. सात कुत्री होती, वेगवेगळ्या कप्प्यांत. एकही भुंकत नव्हतं. शेवटच्या डाव्या कप्प्यात आठवी, पांढऱ्या कानाची.

"ठकी," मी म्हणालो.

ती उठली. दोन पावलं माझ्याकडे आली आणि थांबली. मग तिनं मान वळवून स्वतःच्या मागं पाहिलं. मागं अंधार होता.

"ठकी, चल. घरी चल."

तिची शेपटी पत्र्यावर आपटू लागली. धप. धप. माझ्याकडे मात्र तिची पाठ होती.

आणि कप्प्याच्या आतून आवाज आला, "ठके... ये गं. ये बाई."

तुम्ही म्हणाल भास. मीही तेच म्हणालो, तिथल्या तिथं, स्वतःशी. पण शेवटच्या पंधरवड्यात नाकातल्या नळीमुळे सुचित्राचा आवाज थोडा बसका, थोडा गेंगाणा झाला होता. हा तो आवाज होता. भास व्हायचाच तर माणसाला चांगल्या दिवसांचा आवाज ऐकू यावा.

ठकी अंधारात गेली. शेपटीचा आवाज थांबला.

मी मागं सरत सरत दारापर्यंत आलो आणि ढकललं. "दीनानाथ!" मी ओरडलो. बाहेर कुठंतरी गाडीचं इंजिन चालू होतं. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच मुरला.

"मोगरी..."

उजव्या हाताच्या कप्प्यात सिमेंटवर नखं वाजली. त्या कप्प्यात मी येताना पाहिलं होतं. तो रिकामा होता.

"पेशवा... ये राजा."

पुन्हा नखं, आणि पत्र्यावर शेपटी. खरी सात कुत्री आपापल्या जागी अंग चोरून, कान पाडून बसली होती. त्यांतलं एकही हललं नव्हतं. "लाडोबा..." ती घाई करत नव्हती. प्रत्येक नावानंतर, पोचेपर्यंत थांबावं तशी थांबत होती. "सटवे, तू पण ये." आता अंधारातून एकदम चार-पाच शेपट्या आपटल्यासारखा आवाज येत होता. जेवायच्या वेळी होतो तसा, आनंदाचा. फिनेलच्या वासात शिकेकाईचा वास मिसळला, ओल्या केसांचा.

हळूहळू सगळं शांत झालं. मी दाराला पाठ लावून उभा होतो. स्वेटरमधून लोखंड गार लागत होतं. मनात म्हणालो, झालं. शिकवलेली सगळी संपली.

"अहो..."

चहा झाल्यावर आतून हाक मारावी, तशी.

खाली पाहिलं तर माझा एक पाय पुढं पडलेला होता. कधी टाकला, मला माहीत नाही. मी दोन्ही हात मागं नेऊन दाराची कडी धरली. तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं. सत्तावीस वर्षांत त्या हाकेला मी ओ दिली नाही असं झालं नव्हतं. वर्तमानपत्रातून मान न काढता का होईना, दिली होती.

"अहो... ऐकलंत का?"

दुसऱ्यांदा ती जवळून आली. शेवटच्या कप्प्यातून नाही, गल्लीच्या मधून.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कुलूप निघालं आणि मी बाहेर, पाठीवरच पडलो.

"अरे अरे, साहब!" दीनानाथनं मला उठवलं. "गाड़ी आ गई थी, माफ़ कीजिए. आई आपकी?"

मी नकारार्थी मान हलवली. तो कंदील घेऊन आत गेला. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. शेवटच्या कप्प्याचं कुलूप त्यानं हलवून पाहिलं, कंदील वर केला, खाली केला.

"यहीं तो थी... फंदेवाला ख़ुद डालकर गया था. ताला भी लगा है." परत आला तेव्हा तो माझ्याकडे निराळ्या नजरेनं पाहत होता. "साहब, एक बात कहें? आप आवाज़ बहुत बढ़िया निकालते हैं. हूबहू बहनजी. हम फाटक पर सुन रहे थे. लेकिन मोगरी, पेशवा... वो सब तो गर्मी में ही चले गए थे. उनको काहे पुकार रहे थे?"

मी पाठीची धूळ झटकली.

"और वो आख़िरी वाला कौन था? अहो? दो बार पुकारा. वो नहीं आया?"

"नहीं," मी म्हणालो.

ट्रकला अजून दीड तास होता. आत सात कुत्री होती आणि त्यांना नाव शिकवायला एक पोळी आणि थोडा धीर पुरला असता. मी स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी स्वरदानं विचारलं, "आपने ठीक से बुलाया था, बाबा?"

"बोलावलं."

"माँ बुलाती तो आ जाती."

"हो," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी कोंडवाडा बंद झाला. गीताजींनी चिकाटीनं तो लढा शेवटपर्यंत नेला. आतली माहिती लिहून द्या, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी चार पानं लिहून दिली: कप्प्यांची मापं, झरोके, वास, पाण्याची सोय नसणं. वाचून एका अधिकाऱ्याला म्हणे घाम फुटला. त्या चार पानांत ही दुपार नाही. मी बदली मागून घेतली आणि आम्ही नागपूरला आलो. ठकी कुठंच सापडली नाही.

गेल्या जानेवारीत स्वरदा चार दिवस माहेरी आली होती. दुपारची वेळ, मी लिहीत बसलो होतो. ती वाळलेले कपडे घेऊन मागच्या अंगणातून आत आली आणि म्हणाली, "बाबा, पीछे कोई आपको बुला रहा है."

"मला? कोण आहे?"

"दिखा नहीं. कोई औरत है. नाम नहीं लेती, पर बुला आपको ही रही है."

कपड्यांच्या घड्या घालत ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी पेन खाली ठेवलं. उठलो नाही. ओ दिली नाही.