खांदा शिवायचा की नाही

धाकट्या बहिणीचं लग्न मोडून पुन्हा जुळलं, त्या वर्षीची गोष्ट. थोरलीचं सलून होतं. एका दुपारी उंचापुरा मोटार मेकॅनिक दारात उभा राहिला. उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत, गालावर दाढीचं रान.

"दाढी कराल? डाव्या हाताने केली की मांजराने बोचकारल्यासारखी होते."

तिने त्याला बुटक्या स्टुलावर बसवलं. गुडघे हनुवटीला भिडले.

"मी काय बालवाडीत आलोय?"

"गप्प बसा. हातात वस्तरा आहे."

तो गप्प बसला, पण आरशातून बघत राहिला… दर आठवड्याला येऊ लागला. एकदा हळूच म्हणाला, "तुमचा हात छातीच्या वर जात नाही. पडलात ना? माझंही असंच होतं. आत्ताच खांदा शिवून घेतलाय."

ती चिडली. तरी त्याच्याबरोबर त्याच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

"काम जमतं?" खांदा तपासून बाईंनी विचारलं.

"जमतं की!"

"जमतं," तो मध्येच बोलला, "गिऱ्हाईक जमिनीवर बसवून!"

तिने डोळे वटारले. डॉक्टरबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "बरं झालं सांगितलंत. काम जमतंय म्हणून मी नुसता व्यायाम देणार होते. खांद्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पडल्यामुळे पूर्ण तुटलाय. वय कमी आहे. माझं मत शिवण्याकडे. पण सहा आठवडे हात झोळीत, मग कित्येक महिने व्यायाम, आणि पहिल्यासारखा होईलच अशी हमी नाही. तुम्हाला या हाताने काय करायचंय?"

"चारचौघांसारखं ताठ उभं राहून केस कापायचेत. पण दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक तुटेल."

"विचार करून सांगा."

बाहेर भुरभुर पाऊस होता. दोघं वळचणीला थांबले.

"धाकटीला कात्री चालवता येते ना?" तो म्हणाला. "मग झाडलोट, टॉवेल, पाणी माझ्याकडे. माझी झोळी तोवर निघेल."

"आणि माझी वेणी कोण घालणार?"

"मी… शिकेन."

"कुणाच्या डोक्यावर?"

"तुमच्याच. जन्म गेला शिकण्यात, तरी चालेल—"

तिचे कान लाल झाले. वळून आत गेली आणि म्हणाली, "बाई, शिवा."

खांदा पुरता सुधारला नाही; वरच्या फळीवरचा डबा तिला कधीच काढता आला नाही. केस मात्र ती ताठ उभी राहून कापत राहिली. पुढल्या वर्षी दोघांचं लग्न झालं. मुलं झाली, भांडणं झाली, सगळं यथासांग झालं. सलून ती अजूनही रोज उघडते. तो गेल्या हिवाळ्यात, बहात्तराव्या वर्षी वारला.